लोखंडी गुडघ्याची मांडी

माझ्या उजव्या गुडघ्याइतका गुणी गुडघा अख्ख्या व्हिती लेवू बेटावर सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! रग्बीने खाल्लेला जुना गुडघा काढून ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टरांनी सुवा शहरातल्या इस्पितळात हा धातू-प्लास्टिकचा बसवला, त्याला नऊ वर्षं झाली. अधूनमधून त्यांच्यातलं कोणीतरी येतं, गुडघा वाकवून बघतं, चालवून बघतं. "नव्यासारखा चालतोय की!" म्हणतं. आणि जाताना न चुकता बजावतं, मांडी घालू नका, खुर्चीवर बसा.

खुर्चीवर! आमच्या गावात चटई सोडून खुर्चीवर बसतात ते पर्यटक.

माझा मामेभाऊ वाइसाले तर या गुडघ्याच्या हात धुऊन मागे लागला होता. मामेभावाने आतेभावाची टर उडवायची, हा आमच्याकडे हक्कच असतो. "काय रे, बिस्किटाचा डबा कुरकुरतोय का?" असं भर प्रार्थनेत विचारायचा! पुढे अंथरुणाला खिळला, हातापायांच्या काड्या झाल्या, पण जीभ शाबूत. शेवटच्या भेटीत म्हणाला, "माझ्या मयताला तुला खुर्ची आणतील बघ. पाव्हण्यासारखा बसशील, लेका!"

"मांडी घालून बसेन! तुझ्या नाकासमोर!"

"बघतोच," तो म्हणाला, आणि त्याच आठवड्यात गेला.

मयताच्या घरच्यांना आमच्या कुळातर्फे मानाचा देवमाशाचा दात मी द्यायचा होता, कारण वडीलधारा आता मीच उरलोय. आणि माझी बायको उनाइसी खरंच चर्चमधली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली!

"अहो, बसा यावर. मेलेल्या माणसाशी कसली पैज?"

"पैज तो जिवंत असताना लागली होती!"

शवपेटीसमोर दोन्ही हातांत दात धरून, श्वास रोखून मी खाली बसलो. उजवा गुडघा अलगद दुमडला! ना कुरकुर, ना कळ. डाव्याने जरा कुरबूर केली, तिकडे मी लक्षच दिलं नाही. भाषण असं ठोकलं की म्हातारे माना डोलवायला लागले. मग तिरक्या नजरेने मी पेटीकडे पाहिलं. बघितलंस, लेका? पेटीतून काहीच उत्तर आलं नाही, आणि माझा निम्मा आनंद तिथेच मावळला.

दात स्वीकारला गेला. आता आधी मी उठायचं, मग बाकीच्यांनी, मग पेटी उचलायची. वडीलधारा बसलेला असताना त्याच्या डोक्यापेक्षा उंच उभं राहायचं नाही, अशी आमची रीत. मी उठायला गेलो.

काहीच झालं नाही! पुन्हा जोर लावला. डाव्या पायातून अशी कळ गेली की तोंड वेडंवाकडं झालं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बघा, किती जीव होता भावावर!" मागून कोणीतरी हुंदका दिला.

झालं! बायकांनी रडण्याचा नवा सूर धरला. गाणाऱ्यांनी आणखी एक स्तोत्र घेतलं. यांगोनाच्या मुळ्या कुटून केलेल्या पेयाची वाटी पुन्हा फिरली. मयताच्या घरी ती परत करणं बरं दिसत नाही, म्हणून प्यालो, तर पायांच्या जोडीला जीभही बधिर! मग आणखी एक स्तोत्र. पाद्रीबाबा घड्याळ बघायला लागले. बाहेर जमिनीतल्या भट्टीत डुक्कर करपल्याचा वास सुटला. आभाळ गच्च भरून आलं, उघड्या कबरीत पाणी साचायची भीती, आणि अख्खं गाव माझ्यापायी चटईला चिकटलेलं!

शेवटी उनाइसी रांगत माझ्यापाशी आली. "अहो, पुरे झालं दुःख. उठा आता."

"दुःख नाही गं! पाय!"

"लोखंडी?"

"तो ठणठणीत आहे! आईने दिलेला अडकलाय!"

मला हळूच सांगायचं होतं, पण नेमकं तेव्हाच स्तोत्र संपलं. अख्ख्या घराने ऐकलं. वाइसालेच्या बायकोने, मेरेओनीने, मान वर केली.

"भावजी, म्हणजे मघापासून तुम्ही..."

"उठता येत नाहीये, वहिनी."

काळ्या कपड्यातली ती बाई नवऱ्याच्या पेटीवर हात ठेवून हसली. पोट धरधरून हसली! मग हसता हसता जे रडू फुटलं ते थांबेचना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उचला यांना," डोळे पुसत ती म्हणाली. "आहेत तसेच. आणि त्याच्या मागोमाग न्या."

पुढे वाइसालेची पेटी, मागे पोरांच्या खांद्यांवर मांडी घातलेला मी! एकाच वाटेने दोन मयतं निघाल्यासारखी दिसली असतील. कबरीच्या कडेला त्यांनी मला मातीवर ठेवलं. पेटी खाली गेली, माती पडायला लागली.

"काका, तुमचंही आत्ताच उरकून घ्यायचं का?" एक पुतण्या म्हणाला. लोक खिदळले. दुसऱ्याने गंजावरून काहीतरी जुळवलं, तिसऱ्याने तेलाची बाटली मागितली. एकाचाही टोमणा धड लागला नाही. असल्या संधीचं वाइसालेने काय सोनं केलं असतं! एवढा मोठा विनोद मी घडवून आणला, आणि ज्याला तो हवा होता तो ऐकत नव्हता.

कबर भरली. पावसाचे थेंब आले तसे लोक घराकडे पळाले. उनाइसी छत्री धरून उभी राहिली. मी तिथेच बसून.

"अजून अडकलाय का हो?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. पाय केव्हाच सुटला होता!