सॅकवालीच्या कोटाची पाठ

"चाचा, अगदी अस्सा कोट पायजे. एक टाकासुद्धा इकडचा तिकडं नको," असं म्हणत वर्षाराणीने मोबाइल खाजामियाँच्या नाकाला लावायचाच बाकी ठेवला.

नांदेडच्या इतवाऱ्यात खाजामियाँ अडतीस वर्षं कपडे शिवत होते, आणि अडतीस वर्षांत 'जमणार नाही' हे शब्द त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला ऐकवले नव्हते. ही त्यांची शान होती. दिवसातून निदान चारदा ते ती स्वतःच सांगत, त्यामुळे विसरायची कुणाला सोय नव्हती.

त्यांनी चष्मा वर केला. पडद्यावर एक कोरियन मुलगी हसत उभी होती. अंगात गुडघ्यापर्यंतचा शेवाळी रंगाचा कोट, रुंद कॉलर, कमरेला पट्टा.

"कोण हाय ही? पाव्हणी?"

"पाव्हणी कुठली, चाचा! सिरियलमधली हाय. सगळे अनोळखी लोक परदेशात सहलीला जातात आणि मग तिचं तिथं एकासंगं जमतं."

वर्षाराणी म्हणजे हिमायतनगरच्या किशनरावांची थोरली. नांदेडच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. ही मालिका तिने तीनदा बघितली होती, आणि तिसऱ्यांदा बघून झाल्यावर बावीस अनोळखी माणसांसोबत थेट कोरियाची सहल ठरवून टाकली होती. किशनराव फोनवर म्हणाले, "अगं, ओळख ना पाळख!" तर ही म्हणे, "बाबा, पोचेपर्यंत होते की ओळख." आता बोला. निघायला बरोबर दहा दिवस उरले होते. कापड तिने आणलं होतं, चांगलं जाडजूड लोकरीचं, आणि एका बुटिकवाल्याने "आमच्याच्यानं व्हायचं न्हाई" म्हणून परत पाठवलं होतं.

एवढं ऐकल्यावर खाजामियाँ पाघळले नसते तरच नवल. "तो बुटिकवाला काल आला बाजारात," ते म्हणाले. "बेटा, तू बिनघोर जा. कोरियातली माणसं इचारतील कोट कुठं घेतला म्हणून. आता ह्याची पाठ दाखव."

"पाठीचा फोटो न्हाई माझ्याकडं."

"मग कसं? पाठ बघितल्याबिगर मी कात्री लावत नसतो. मला माझ्या उस्तादाची कसम हाय."

"सिरियलमधी असंल की चाचा, सोळा भाग हायत. मी सदफला लिंक पाठवते." आणि वर्षाराणी गेली.

सदफ ही खाजामियाँची मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिने मोबाइल शिलाई मशीनला टेकवून उभा केला आणि मालिका लावली. मालिका हिंदीत केलेली होती, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण वेगळीच निघाली. ती मुलगी विमानतळावर आली, विमानात चढली, पोर्तुगालला उतरली, आणि या सगळ्या वेळात तिच्या पाठीवर एक ही एवढी थोरली सॅक होती. खांद्यापासून कमरेखालपर्यंत. पाठ म्हणून दिसेल तर शपथ.

"उतरव की बाई!" खाजामियाँ मोबाइलवर ओरडले. "हाटेलात आली, आता तरी उतरव!"

हॉटेलच्या खोलीत तिने सॅक उतरवली. पण तेव्हा ती कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी होती.

"अब्बू, पुढच्या भागात बघू," सदफ म्हणाली.

तिथून घसरण सुरू झाली. मध्ये मध्ये सोडून बघावं, तर नेमकी पाठ तेवढ्यातच दिसायची, ही भीती. म्हणून खाजामियाँनी पहिल्यापासून, एक मिनिटही न सोडता बघायचं ठरवलं. सुरुवातीला त्यांचं लक्ष फक्त कपड्यांवर होतं. हिरो घड्याळं दुरुस्त करणारा, अबोल मुलगा. त्याला बघून ते म्हणाले, "पँटची मोहरी बघ, खालचा घेर एका पायाला रुंद, एका पायाला चिंचोळा. असल्याला कोण पोरगी देईल?" पण तिसऱ्या भागात त्या अबोल मुलाने, कुणाला न सांगता, सॅकवालीच्या आईचं बंद पडलेलं घड्याळ चालू करून दिलं, आणि खाजामियाँ मोहरी विसरले. "पोरगं गुणाचं हाय," ते सदफला म्हणाले. "हाताला हुनर असला की माणूस वाईट नसतो."

चौथ्या दिवशी रामलिंगअप्पा आले. रेल्वेच्या डिव्हिजन ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस, पँटच्या ट्रायलसाठी आला होता. सदफ कॉलेजला गेली होती आणि खाजामियाँ एकटेच मोबाइलसमोर बसले होते.

"काय बघून राहिलात, मियाँ?"

"काम चाललंय. पाठ शोधून राहिलो."

अप्पा पाच मिनिटं टेकले. पडद्यावर गाईडने चुकीचा फलाट सांगितल्यामुळे सॅकवाली आणि घड्याळवाला मंडळींपासून चुकले, आणि दोघंच एका ओसाड स्टेशनवर राहिले. अप्पांचं रक्त खवळलं. "ह्या गाईडाला आधी सस्पेंड करा! अनाउन्समेंट झाली न्हाई, बोर्ड न्हाई, ही काय पद्धत झाली?" पुढच्या गाडीत त्या दोघांना जागा मिळते की नाही हे बघितल्याशिवाय अप्पांना उठवेना. ते दिवेलागणीला घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, ऑफिसला यावं तसे, हजर झाले. ट्रायलचं दोघांनाही आठवलं नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्याआड, फरीदा बसायची. खाजामियाँची बायको. तीस वर्षं ती काज-बटण, तुरपाई आणि अस्तर करत आली होती. कात्रीला मात्र तिने हात लावायचा नाही, हा दुकानाचा कायदा. कायदा कुणी केला हे सांगायला नकोच. मशीनचा आवाज चार-पाच दिवस बंद, त्याऐवजी हुंदके आणि व्हायोलिन, हे ऐकून तिने पडदा बाजूला केला.

"सदफचे अब्बू, लोक कपडे मागून राहिलेत. काय सांगू?"

"सांग, कोरियाची ऑर्डर चालू हाय."

"ऑर्डर कुठंय? कापडाची घडी बी मोडली न्हाई तुम्ही!"

"तुला न्हाई कळायचं. आता अकरावा चालू हाय. त्या दोघांचं भांडण झालंय."

"पाठ दिसली का?"

"पाठीचं काय घेऊन बसलीस, त्यानं तिला खोटं सांगितलंय!"

फरीदाने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी मान खाली घातली, पण जागेवरून हलले नाहीत.

असं करत करत सोळावा भाग उजाडला. वर्षाराणी दुसऱ्या दिवशी दुपारी कोट न्यायला यायची होती. पडद्यावर सहल संपली होती, विमानतळावर सगळे एकमेकांचा निरोप घेत होते. घड्याळवाला आला नव्हता. सॅकवाली थांबली, उसासली, आणि त्या हॉटेलच्या खोलीनंतर पहिल्यांदाच तिने खांद्यावरची सॅक काढून जमिनीवर ठेवली.

"अप्पा!" खाजामियाँ टेप हातात घेऊन उठले.

"वळ माय, वळ," अप्पा पुटपुटले.

ती वळली. पाठ दिसणार एवढ्यात घड्याळवाला धावत आला आणि त्याने तिला मागून अशी घट्ट मिठी मारली की कॉलरपासून खालपर्यंत त्याचाच काळा कोट दिसायला लागला. व्हायोलिन वाजलं. नावं वर सरकायला लागली. मालिका संपली.

खाजामियाँच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. अप्पाही रुमाल शोधत होते. "जमलं एकदाचं त्यांचं, मियाँ," ते म्हणाले.

"त्यांचं जमलं हो! माझं काय?"

अप्पा गेले. खाजामियाँ कापडापुढे बसून राहिले. घडी तशीच. फोन त्यांनी दोनदा उचलला आणि दोनदा ठेवला. जे दोन शब्द अडतीस वर्षांत तोंडातून निघाले नव्हते, ते आता म्हणायचे होते, आणि तेही ज्या मुलीला 'बिनघोर जा' म्हणून सांगितलं तिला. जेवायला बोलावलं तर ते म्हणाले, "भूक न्हाई." हे वाक्यही त्यांच्या तोंडून फार वर्षांनी निघालं होतं.

फरीदा पडद्याआडून बाहेर आली आणि समोर बसली. "कोट कुणाला घालायचाय?" तिने विचारलं.

"वर्षाला."

"मग त्या कोरियावालीची पाठ कशाला पायजे? वर्षाला पाठ न्हाई का?"

खाजामियाँनी वर पाहिलं.

"पोरगी परक्या लोकांत चाललीय," फरीदा म्हणाली. "सामान उचलंल, वाकंल, तासन्‌तास विमानात बसंल. पाठीत ढिलाई पायजे. मधोमध एक खोल चुणी सोडा. सॅकचे पट्टे खांद्याला काचतील, तर तिथं आतून मऊ कापड घालून वाकळेसारखे धावदोरे घाला, जवळ जवळ. आणि आत एक चोरखिसा, पासपोर्टला. पुढून तिच्या फोटोसारखा, मागून आपल्या पोरीसारखा."

"अशी पाठ मी कधी कापली न्हाई," खाजामियाँ हळूच म्हणाले.

"मी मनात लई येळा कापलीय," ती म्हणाली. आणि त्यांनी कात्री तिच्यापुढे सरकवली.

पुढा खाजामियाँनी कापला, पाठ फरीदाने. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला सदफने शेवटचं बटण लावलं आणि साडेबाराला वर्षाराणी आली. ऑक्टोबरच्या उकाड्यात तिने तो लोकरीचा कोट चढवला आणि घामाघूम होऊन आरशापुढे नाचली. "चाचा, अगदी तस्साच! काय हात हाय तुमचा!" मागे वळून तिने बघितलंही नाही. खाजामियाँनी घसा खाकरला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझी दुवा हाय, बेटा." बस, एवढंच. खरं सांगायचं तर ही गोष्ट ऐकताना मला त्यांचा रागच आला होता.

त्यानंतर आठ दिवस इतवाऱ्यात कोरियन कोटाशिवाय दुसरा विषय नव्हता. खाजामियाँ सांगत, लोक ऐकत, अप्पा साक्ष देत. फरीदा आत अस्तर लावत बसे. तिने एका शब्दाने टोकलं नाही, आणि तेच खाजामियाँना जेवताना घासाघासाला टोचत होतं.

नवव्या दिवशी दुपारी दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं असताना वर्षाराणीचा व्हिडिओ कॉल आला. ती सोलच्या कापडबाजारात उभी होती. शेजारी गळ्यात टेप टाकलेला एक पांढऱ्या केसांचा म्हातारा आणि सहलीची कोरियन गाईड.

"चाचा! हे इथले जुने टेलर हायत. मला रस्त्यातच थांबवलं, उलटी फिरवली आणि दहा मिनिटं झाली, पाठच बघून राहिलेत! ते म्हणतात, पुढून असला कोट इथं गल्लीगल्लीत हाय, पण अशी पाठ पन्नास वर्षांत बघितली न्हाई. ते इचारतात, ही पाठ कुणी कापली?"

सगळे कौतुकाने खाजामियाँकडे बघायला लागले. अप्पांनी तर "हे काय, हेच!" म्हणत त्यांच्या पाठीवर थापही मारली. खाजामियाँची छाती भरून आली. मग त्यांचं लक्ष मागच्या खोलीच्या पडद्याकडे गेलं.

"थांब बेटा," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी तो पडदा पार टोकापर्यंत सरकवला. "फरीदा, भाईर ये."

"अहो, माझे हात..."

"तसेच घेऊन ये."

ती ओढणी सावरत आली. खाजामियाँनी फोन दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्यांना सांग वर्षा, ही पाठ माझ्या बायकोनं कापली. फरीदा बेगम. नाव नीट सांग. माझ्याच्यानं झाली नसती!"

गाईडने तिकडे सांगितलं. त्या म्हाताऱ्याने गळ्यातला टेप काढून हातात घेतला, दोन्ही हात जोडून धरले आणि कमरेतून खाली वाकून फरीदाला नमस्कार केला. ती "सलाम" म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

फोन बंद झाल्यावर खाजामियाँ दुकानात थांबलेच नाहीत. ते चहावाल्याकडे गेले, पानवाल्याकडे गेले, मशिदीत गेले, परतताना त्या बुटिकवाल्याच्या पायरीवरही मुद्दाम जाऊन आले. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती, आणि सदफ हसून लोळत होती.

"ओ, लोकांना काय सांगून राहिलात तुम्ही?" फरीदा म्हणाली. "शेजारीण आत्ता इचारून गेली. कोरियावाले तीनदा झुकले म्हणून? एकदाच झुकले ते!"

"तुला काय म्हाईत?" खाजामियाँ ऐटीत म्हणाले. "तू तर लाजून खाली बघून राहिली होतीस. तीनदा झुकला. मी मोजलं."