दोन मिलिमीटरची गोष्ट

'ड्रिल मशीनचा बुश झिजला आहे. भोक दोन मिलिमीटर तिरकं पडतं. खुर्ची डुगडुगते. बुश बदलावा.'

हा अर्ज फोरमनने सहाव्यांदा दिला आणि तो सहाव्यांदा परत आला. आधीच्या पाच वेळा त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. या वेळी मात्र लाल शाईत तीन शब्द होते : 'यात माणूस कुठाय?'

फोरमनने कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूलाही माणूस नव्हता.

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात त्याची एकवीस वर्षं गेली होती. बोलणं बेताचं. 'बरं आहे' म्हणायचं असलं तरी आधी खरोखर बरं आहे का ते तपासून मग म्हणणारा. कामगार पाठीमागे त्याला मिलिमीटर म्हणत. ते त्याला माहीत होतं, आणि त्यात काही चुकीचं आहे असं त्याला वाटत नव्हतं.

तो कागद घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. मॅनेजर नवा होता आणि नुकताच दोन दिवसांचं एक शिबिर करून आला होता. त्याच्यामागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : माणूस, संकट, वळण, तोडगा.

"साहेब, बुश म्हणजे बोटभर लोखंडी नळी असते. ती भोक पाडणाऱ्या बिटाला सरळ धरते. त्यात माणूस नसतो. माणूस बाहेर उभा असतो."

"तिथेच तर आपलं चुकतं!" मॅनेजर म्हणाला. "आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. गोष्ट राहते. यापुढे आपल्याकडे कुठलीही अडचण गोष्टीतच मांडायची. पॅकिंगवाल्या बाईंनी चिकटपट्टी संपल्याची काय सुंदर गोष्ट सांगितली! दोन खोकी मंजूर झाली. गुरुवारच्या बैठकीला स्वतः मालकीणबाई येतायत. पाच मिनिटं तुमची."

"पण सभागृहाच्या चारशे खुर्च्या द्यायच्यात. पहिल्या चाळीसातल्या अकरा परत आल्या. पुढचा लॉट असाच गेला तर ऑर्डर जाईल, आणि आमचं खातं बंद होईल."

"वा! म्हणजे संकट तयार आहे. आता फक्त माणूस शोधा."

फोरमन संध्याकाळी घरी आला तो माणूस शोधतच. सासू-सासरे खालच्याच मजल्यावर राहत आणि जेवायला वर येत. ताटं मांडलेली होती. त्याने झाला प्रकार सांगितला.

"सोपं आहे," बायको म्हणाली. "एखादा म्हातारा घे. तरुण माणूस डुगडुगला तर लोक हसतात. म्हातारा डुगडुगला की वाईट वाटतं."

"मास्तर करा त्याला," सासरे म्हणाले. त्यांचा जन्म पाण्याची मीटरं तपासण्यात गेला होता, पण अशा बाबतीत त्यांना उत्साह फार. "निवृत्त मास्तर. सगळ्यांना कुणी ना कुणी मास्तर आठवतातच. आणि एकटा ठेवा."

"एकटा कसा? बायको कुठे गेली?"

"वारली," सासरे भात कालवत म्हणाले. "खुर्ची डुगडुगते, टेबलाला धक्का बसतो, पाण्याचा ग्लास कलंडतो, आणि पाणी जातं ते थेट बायकोच्या फोटोवर. एकुलता एक फोटो."

सासूबाई त्या वेळी पाण्याची मोटार बंद करायला खाली गेल्या होत्या. त्या तिथे असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं.

गुरुवारी फोरमन उभा राहिला आणि अर्ज वाचावा तशी गोष्ट सांगू लागला. "निवृत्त मास्तर. वय चौऱ्याहत्तर. उंची मध्यम." मॅनेजरने डोळे मिटून घेतले. पण खुर्चीपाशी आल्यावर फोरमनचा आवाज आपोआप खाली आला. खुर्ची हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय होता. मागचा डावा पाय कसा अधांतरी राहतो, बसणारा कसा आधी स्वतःलाच दोष देतो, मग पायाखाली कागदाची घडी सरकवून बघतो, हे त्याने इतकं बारकाईने सांगितलं की बैठकीतले दोघं आपापल्या खुर्चीत सावरून बसले. मग ग्लास कलंडला. फोटो भिजला.

"मास्तरांनी फोटो उन्हात वाळवला," फोरमन म्हणाला. "पण चेहरा गेला होता. तेव्हापासून ते उभ्यानेच जेवतात."

हे शेवटचं वाक्य कुणी सुचवलेलं नव्हतं. ते कुठून आलं हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

हिशेब बघणाऱ्या साहेबांनी रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं. नेमक्या त्याच क्षणी फोरमन म्हणाला, "तोडगा : बुश बदलावा." ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "त्यांना ताबडतोब नवी खुर्ची द्या. मी स्वतः जाऊन देणार. या रविवारी."

"बाई, ते बुशचं..."

"बुशचं नंतर बघू हो! इथे माणूस उभ्याने जेवतोय!"

बैठक संपल्यावर फोरमनने मॅनेजरला जिन्यात गाठलं. "साहेब, असे कुणी मास्तर नाहीत."

मॅनेजरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चांगली गोष्ट सांगून झाली की सांगणाऱ्याला असंच वाटतं. शिबिरात हे सांगितलं होतं."

"मी रचलेत ते."

"आणि किती सुरेख रचलेत! पत्ता तेवढा द्या."

घरी सासऱ्यांना विनवण्या कराव्या लागतील असं फोरमनला वाटलं होतं. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आतच त्यांनी कपाटातून पांढरा सदरा काढला आणि मास्तर चष्म्याच्या वरून बघतात की खालून, याचा आरशासमोर सराव सुरू केला. अडचण वेगळीच निघाली. ती दारात उभी होती.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "मला मारलंत म्हणे?"

"आई, ते गोष्टीपुरतं..."

"कशाने गेले मी?"

फोरमनने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं. "ते ठरवलं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणजे साधं आजारपणसुद्धा नाही? तशीच गेले?"

रविवारी दोन तास शेजारी जाऊन बसण्याची सूचना त्यांनी धुडकावून लावली. घर त्यांचं होतं आणि मेल्यामुळे त्यात काही फरक पडत नव्हता. फार तर आपण स्वयंपाकघरात थांबू, एवढं त्यांनी कबूल केलं. फोटोचा प्रश्न बायकोने सोडवला. सासूबाईंचा एक जुना फोटो तिने नळाखाली धरला आणि गच्चीवर वाळत घातला. चेहऱ्यावरचं पुष्कळसं वाहून गेलं. नाक तेवढं राहिलं.

रविवारी मालकीणबाई आल्या, मॅनेजर आला, रस्ता दाखवायला फोरमन आला आणि लाल फीत बांधलेली खुर्ची आली. सासरे खिडकीपाशी उभेच होते. उभ्याने जेवणारा माणूस एरवीही उभाच असणार, असा त्यांचा हिशेब होता. मालकीणबाईंनी भिजका फोटो हातात घेतला आणि त्या बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन सासूबाई बाहेर आल्या. स्वयंपाकघरात थांबायचं कबूल केलं होतं खरं, पण पाहुण्यांना चहा नेऊन द्यायला दुसरं कुणी हललं नव्हतं.

मालकीणबाईंनी फोटोतल्या नाकाकडे पाहिलं. मग समोरच्या नाकाकडे पाहिलं.

"ही तिची बहीण," सासरे म्हणाले. "जुळी."

सासूबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला, जरा आवाज करूनच. "धाकटी," त्या म्हणाल्या. "सात मिनिटांनी."

"दोघी अगदी सारख्या असाल, नाही?"

"दिसायला. स्वभाव वेगळे. ती यांचं सगळं सोसायची. मी सोसणार नाही."

सासऱ्यांनी चष्म्याच्या वरून बघायचा प्रयत्न केला, पण ऐन वेळी ते जमलं नाही.

"बसा ना मास्तर," मालकीणबाई म्हणाल्या. मॅनेजरने मोबाइल सरसावला. सासरे सावकाश बसले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या हातातला चहा बशीत उतरला. खुर्ची डुगडुगत होती.

"फरशी उंचसखल दिसते," मॅनेजर घाईने म्हणाला. खुर्ची दारापाशी नेली. तिथे डुगडुगली. भिंतीला लावली, तिथेही डुगडुगली. बाहेर जिन्याच्या चौकात नेली, तिथे तर टकटक आवाजही येऊ लागला. सासरे दर वेळी खुर्चीमागोमाग जात, बसत, हलत आणि उठत. शेवटी मालकीणबाईंनी त्यांना बाजूला केलं आणि त्या स्वतः बसल्या. एकदा पुढे झुकल्या, एकदा मागे.

"हे काय आहे?"

"दोन मिलिमीटर," फोरमन म्हणाला.

"कशामुळे?"

"बुश झिजलाय."

"मग बदलला का नाही?"

सगळे मॅनेजरकडे बघू लागले. "तो गोष्टीत होता," मॅनेजर पुटपुटला. "अगदी शेवटी होता."

सोमवारी नवा बुश आला. मंगळवारी निघालेली एकही खुर्ची हलली नाही. सभागृहवाल्यांचा माणूस येऊन एकेका खुर्चीवर बसून गेला आणि जाताना बरं आहे म्हणाला. फोरमनने तपासलं. खरंच बरं होतं. खातं वाचलं, ऑर्डर वाचली, आणि प्रकरण मिटलं असं समजून त्या दिवशी तो जरा लवकर झोपला.

पण मॅनेजरने रविवारचा फोटो आणि मास्तरांची सगळी गोष्ट विक्रेत्यांच्या ग्रुपवर टाकली होती. तिथून ती आणखी कुठे कुठे गेली. बुधवारी सकाळपासून नातेवाइकांचे फोन सुरू झाले. फोन सासूबाईच उचलत होत्या. "हो, मीच बोलतेय," त्या सांगत. "नाही, अजून नाही. कळवू की."

दुपारपर्यंत असे नऊ फोन झाले. मग त्यांनी कारखान्यात फोन करून जावयाला फैलावर घेतलं. फोरमन तसाच मॅनेजरकडे गेला आणि त्याने खुलासा लिहून दिला : 'सदर बाई हयात आहेत.' मॅनेजरने तो दोनदा वाचला. यात माणूस होता, त्यामुळे त्याला काही बोलता येईना. शुक्रवारी टाकतो, म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी फोरमन घरी परतला तेव्हा खालच्या मजल्याचं दार उघडं होतं. आत तीन वयस्कर गृहस्थ ओळीने बसले होते. सासऱ्यांची नोकरी बदलीची होती आणि अकरा वर्षं ते एका लांबच्या गावी एकटेच होते, मुलीची शाळा मोडू नये म्हणून. तिथल्या ऑफिसातली ही मंडळी बातमी वाचून दोन बस बदलून भेटायला आली होती. सासरे केस कापायला बाहेर गेले होते. समोर सासूबाई होत्या.

"आत या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "हे माझ्या बहिणीबद्दल सांगतायत."

"त्यांना मास्तर का लिहिलंय कोण जाणे," पहिले गृहस्थ म्हणाले. "लिहिणारे काहीही लिहितात. पण वहिनींचं वाचलं आणि राहवलं नाही. आम्ही त्यांना कधी पाहिलं नाही, पण अकरा वर्षं रोज ऐकलं."

"काय ऐकलं?" सासूबाईंनी विचारलं.

"ऑफिसचं घड्याळ बंद पडलं की साहेब म्हणायचे, ही असती तर पाच मिनिटांत चालू केलं असतं."

"कुठलाही हिशेब अडला," दुसरे म्हणाले, "की म्हणायचे, आमच्या घरी विचारा, तोंडी सांगेल."

तिसरे गृहस्थ हळवे होते. "एकदा साहेब तापाने फणफणले होते. मी रात्रभर होतो उशाशी. सारखे म्हणत होते, तिला कळवू नका, ती तशीच निघून येईल."

फोरमनने सासूबाईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून बायकोचं कौतुक असं त्याने एकदाच ऐकलं होतं, आणि तेही 'आज मीठ बरोबर आहे' एवढंच.

"आणखी?" सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात सासरे आले. तिघंही उठून त्यांच्याकडे धावले, एकाने त्यांचा हात धरला आणि तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. सासरे त्यांच्या खांद्यांवरून बायकोकडे बघत राहिले. काय काय बोलणं झालंय, त्यांना कळेना. ताज्या कापलेल्या केसांखालचे त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले.

"तुम्ही बसा यांच्याशी बोलत," सासूबाई त्यांना म्हणाल्या. "मी चहा टाकते." तिसरी खेप होती ती.

मंडळी गेली. सासरे त्यांना बस थांब्यापर्यंत पोचवायला गेले. सासूबाई कप गोळा करत होत्या. फोरमनने खिशातून खुलाशाची प्रत काढली.

"आई, उद्या हा खुलासा जाणार आहे. सगळीकडे. एकदा नजर टाकता का?"

सासूबाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि ती एक ओळ वाचली. मग कागदाची घडी करून त्याच्या हातात परत दिली.

"मजकूर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण उद्याची घाई नको. त्यांच्या ऑफिसातले आणखी चौघं सोमवारी यायचेत."