डोंगराळ देशाचं आरमार

हैदराबादेत, हिमायतनगरच्या ऑफिसात हणमंतरावांनी चहाची बशी तोंडाला लावली आणि समोरच्या मेलवर नजर पडताच ती तशीच धरून ठेवली. साठ ट्रकांची ऑर्डर मंजूर झाली होती. त्याखाली आणखी एक ओळ होती : बारा लष्करी बोटीही मंजूर.

"प्रणिता, ह्या बोटी कुठून उपटल्या?"

हणमंतराव दलाल होते. दूरच्या एका देशात लढाई संपली होती आणि जिंकलेल्या सरकारच्या ध्यानात आलं होतं, की शत्रू संपले तरी ट्रक उरलेत. ते ट्रक हणमंतराव दुसऱ्या एका इवल्याशा, डोंगराळ देशाच्या सरकारला विकत होते. माल त्यांनी पाहिला नव्हता, घेणाऱ्यांनीही पाहिला नव्हता. त्यामुळे तीन वर्षं बोलणी अगदी खेळीमेळीत चालली होती.

कागदपत्रं लेक प्रणिता सांभाळायची. तिनं त्यांचीच चिठ्ठी पुढे केली. 'ट्रकांच्या खाली बारा नावं टाक.'

"हौ, नावां. नावां म्हणजे बोटीच ना, बाबा?"

"अगं, नावं! माणसांची! पाहणीला येणाऱ्या साहेबांची!"

"मग तसं लिहायचं ना! मी तर हुडकून हुडकून फोटो पण लावले."

"त्या देशाला समुद्र नाही गं, बाई!"

"ते मी कशाला विचारू? सोफा विकणारा विचारतो का, घर हाय का म्हणून?"

चूक कबूल करावी तर ट्रकांची फाइल पुन्हा उघडणार. त्यापेक्षा बोटीच मिळतात का बघावं, म्हणून हणमंतरावांनी विकणाऱ्या सरकारच्या अधिकाऱ्याला फोन लावला. पलीकडून तो अधिकारी गहिवरून म्हणाला, "चाळीस आहेत! बारा घ्या, बाकीच्या अठ्ठावीस तशाच न्या. फक्त परत करणार नाही, एवढं लिहून द्या." हणमंतराव नको नको म्हणेपर्यंत चाळीस बोटींचा परवाना येऊन धडकलासुद्धा.

चाळीस बोटी काही कागदांत लपणाऱ्या नव्हत्या. खरं सांगून मोकळं व्हावं, असं ठरवून त्यांनी डोंगराळ देशाच्या सचिवाला फोनवर गाठलं. हा गृहस्थ हैदराबादेत शिकलेला. इथली बिर्याणी आणि बोली दोन्ही त्याच्या अंगी मुरलेल्या.

"साहेब, माफी असावी. त्या बोटी चुकून..."

"हल्लू बोलो, हणमंतसाब!" सचिव कुजबुजला. "गलती का नाम नक्को लो!"

मग त्यानं सगळं सांगितलं. मंत्रिमंडळानं कागद न वाचताच मंजूर केला होता. विरोधकांनी विचारलं, बोटी कशाला? वाचलं नव्हतं असं कोण कबूल करणार? संरक्षणमंत्री तासभर आरमाराच्या गरजेवर गरजले. दुसऱ्या दिवशी नौदल खातं निघालं. बसमध्येसुद्धा ओकाऱ्या काढणारा त्यांचा मेहुणा आरमारप्रमुख झाला. पांढरे गणवेश शिवून आले.

"आता बोटी नाहीत म्हटलं, तर सरकार पडेल!"

"चाळीस आहेत," हणमंतराव कसेबसे म्हणाले.

"वा! आरमारप्रमुख खूश होतील."

"पण चालवणार कुठं?"

"तळं करतोय ना. दरी अडवायची. मध्ये तीन गावं आहेत, ती उठवू."

हणमंतरावांच्या वडिलांचं गाव असंच धरणात गेलं होतं. देव गाडीत घालून वडील निघाले, तेव्हा रस्ताभर कुणाशी बोलले नव्हते.

"लोक काय म्हणतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"बिथरलेत. रस्त्यावर बसलेत. मी तुम्हाला फोन करणारच होतो. आणखी वीस ट्रक मिळतील? मागं माणसं कोंबता येतील असे, जाळीचे."

हणमंतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. बुडालेल्या गावच्या माणसानं जे बोलायला हवं, ते सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी घसा खाकरला.

"जाळी कशी पाहिजे?" ते म्हणाले. "बारीक, का मोठी?"