हळदीचे टायर, कुंकवाचे टायर

बंडूचं, म्हणजे माझ्या धाकट्या साळ्याचं साक्षगंध (तुमच्याकडचा साखरपुडा) होतं. मुलगी अकोल्याची. सासूबाई साड्यांच्या खरेदीसाठी अमरावतीला आमच्याकडेच मुक्कामाला होत्या, आणि नवरदेवाच्या आईला अकोल्याला घेऊन जायचा मान माझ्या गाडीला मिळाला होता. (मिळाला कसला, मी तो भांडून घेतला होता.)

त्याला कारण आहे. मागच्या लग्नाला जाताना माझी गाडी बडनेऱ्याच्या पुढे बंद पडली आणि उरलेला प्रवास आम्ही माझ्या साडूच्या, किशोरच्या, नव्याकोऱ्या गाडीत केला. मी मागच्या सीटवर, मांडीवर लोणच्याची बरणी. "भाऊ, बरनी सांभाळजा बरं, सीट नवी हाय," असं किशोर मला आरशातून पार मूर्तिजापूरपर्यंत सांगत होता. तेव्हाच ठरवलं, पुढच्या कार्याला आपलीच गाडी, आणि तीही वेळेवर!

म्हणून साक्षगंधाच्या दिवशी सकाळी मी एक छोटासा निर्णय घेतला: टायर रोटेट करायचे. मोबाईलवर पाहिलं होतं. समोरचे टायर जास्त घासतात, म्हणून ते मागे टाकायचे आणि मागचे समोर आणायचे. लागतं काय? गाडीतला जॅक, नट खोलायचा पाना आणि अंगणातल्या विटा. व्हिडिओतला माणूस तर हे शीळ घालत करत होता.

"अजी, आजच काहून?" माझी बायको प्राजक्ता म्हणाली. "दुपारी साक्षगंध हाय. याही वेळेस उशीर झाला न, तर मी सरळ किशोरभाऊजीले फोन लावीन!"

ती तयारीला आत गेली आणि मी पान्यावर उभा राहिलो. (नट हलेना, मीच हलत होतो.) शेवटी नट खुलले, गाडी विटांवर चढली, चारही टायर खाली आले. आता कोणते समोरचे आणि कोणते मागचे, याची खूण करायला हवी. घरात खडू सापडेना. तेव्हा मला जे सुचलं त्याचा मला आजही अभिमान वाटला असता. देवघरातून हळद-कुंकू आणलं. समोरच्या टायरांना हळदीचं बोट, मागच्यांना कुंकवाचं. मग हात धुवून चहा प्यायला आत गेलो.

बाहेर येऊन पाहतो, तर चारही टायर भिंतीला एका ओळीत उभे! प्रत्येकावर हळद, प्रत्येकावर कुंकू, वरून अक्षता. समोर सासूबाई नारळ घेऊन, आणि शेजारचे नत्थुजी हात झटकत.

"आई, हे काय केलं?"

"हे तं म्या तुमाले इचाराले पायजे! शुभकार्याले जाची गाडी, अन् दोन टायरले नुसती हळद, दोनाले नुसतं कुंकू! असं अर्धवट कोनी करते का, जवाईबापू? नत्थुजीले म्हटलं, लावा बापा वळीनं, मी पूजा पुरी करतो."

"नत्थुजी, यातले समोरचे कोणते?"

"मले काय मालूम? काढले तुमी."

"पण लोटले तुम्ही!"

"लोटतानी मले तं सारे गोलच दिसले."

मी खाली बसलो. टायर फिरवून पाहिले, एकाचा तर वास घेऊन पाहिला. हळदीचाच आला. तेवढ्यात दारात प्राजक्ता. अंगावर नवी साडी, हातात मोबाईल, अंगठा किशोरच्या नावावर.

"लावू का फोन?"

"नको!" मी ओरडलो. मग देवाचं नाव घेतलं आणि जो टायर हाती आला, तो जिथे जागा दिसली तिथे बसवून टाकला. सासूबाईंनी नारळ फोडला. माझी आंघोळ राहिली ती राहिलीच.

पण पोचलो! आणि तेही किशोरच्या आधी!! तो आला तेव्हा मी गाडीला टेकूनच उभा होतो.

"काय भाऊ, साक्षगंध बंडूचं हाय का गाडीचं?" टायरांकडे बघत तो म्हणाला.

"टायर रोटेशन केलं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "घरच्या घरी."

"सोता? मानलं बावा तुमाले!"

किशोरच्या तोंडून हे ऐकायची मी किती वाट पाहिली होती म्हणून सांगू! मुलीचे वडील रामराव तर मला हाताला धरून पाहुण्यांकडे घेऊन गेले. पण पूजेचं कौतुक सांगितल्याशिवाय सासूबाईंना राहवतं कुठे? त्यांनी हळदीपासून नारळापर्यंत सगळं सांगितलं, आणि मग त्यांना शंका आली.

"पन जवाईबापू, समोरचे जास्त घासतेत म्हनून ते मांगं टाकाचे, असंच न?"

"हो."

"मंग जास्त घासलेले कोनते, हे तुमाले डोयानं दिसलं नाही काय?"

मी टायरांकडे पाहिलं.

"अन् दिसतच नव्हतं, तं बदलून काहून राहिले होते?"

पहिले रामराव हसले, मग सगळे पाहुणे. किशोर तेवढा हसला नाही. तो खाली वाकला, समोरच्या दोन्ही टायरांवरून हात फिरवला आणि फार हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, हे पार टकले हायेत. होते तिथंच बसले वाट्टे."

परत निघताना प्राजक्ता आणि सासूबाई किशोरच्या गाडीत बसल्या. व्याह्यांनी लोणच्याची बरणी दिली होती. किशोरची सीट खराब होईल म्हणून ती माझ्या गाडीत आली.

"बेल्ट लावा," प्राजक्ता खिडकीतून म्हणाली. जीव कळवळला हो माझा! एवढं होऊनही बाईला काळजी! मी लगेच बेल्ट लावला.

"तुमाले नाही," ती म्हणाली, "बरनीले."