भट्टीखात्यातील हवेची वैद्यकीय रजा

रंगद्रव्यांच्या कारखान्यातील भट्टीखात्याच्या हवेने सोमवारी सकाळी वैद्यकीय रजा मागितली आणि निर्णय होईपर्यंत ती कचेरीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

व्यवस्थापक पित्रे यांनी रजा नाकारली नाही. नियमाप्रमाणे आजाराचा दाखला मागितला. कारखान्याच्या डॉक्टरांनी हवेची नाडी पाहण्यास नम्रपणे असमर्थता दर्शवली. तेव्हा सल्लागार रसायन अभियंता वैजयंती उकिडवे यांना बोलावणे गेले. कारखान्यांतील हवा तपासणे हाच त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय होता, आणि या हवेला त्यांनी दरवर्षी निरोगी ठरवले होते.

त्यांच्या निकालात भास्कर घाग यांचा जीव अडकला होता. भट्टीवर काम करता करता त्यांना खोकला जडला होता. खाते बदलून मिळावे ही त्यांची विनंती प्रत्येक वेळी एकाच कारणाने फेटाळली जाई: हवा निरोगी असताना ती श्वासात घेणारा माणूस आजारी असू शकत नाही.

बाई येणार म्हटल्यावर पित्र्यांनी प्रथेप्रमाणे भट्टी विझवली, खाते पाण्याने धुऊन घेतले, दारे सताड उघडली. पाहणीपूर्वी असे करण्याची रीत इतकी जुनी होती, की रुग्ण खात्यात नसून बाहेर बाकावर बसला आहे, हे कोणाच्याच ध्यानी आले नाही. हवा कामावरून उठून आली होती, तशीच होती.

उकिडवेबाईंनी बाकाशेजारी यंत्र मांडले आणि हवेला सावकाश आत यायला सांगितले. पांढरी गाळणचकती पाहता पाहता विटकरी झाली.

"आजवर मला ही न्हाऊमाखू घातलेलीच दाखवलीत," त्या शांतपणे म्हणाल्या.

पाहुण्यांसमोर कोणी पारोसे बसते का, असे पित्र्यांचे म्हणणे पडले. एकवार खात्यातही तपासावे, अशी त्यांनी गळ घातली. बाई आत गेल्या. यंत्र फिरले, चकती कोरीच राहिली, आणि श्वास घेण्यासाठी बाईंना बाहेर यावे लागले.

हवा आजारी ठरली. ओघानेच घागही आजारी ठरले. त्यांना रजा आणि नंतर कोठारातले काम मंजूर झाले.

"आता बदली हवा कुठून आणू?" पित्र्यांनी विचारले.

"खाडीवरची येईल. मी तिच्याशी बोलले आहे. मात्र भट्टीवर झाकण आणि धूळ ओढणारा पंखा बसल्याखेरीज ती रुजू होणार नाही."

पित्र्यांनी मान डोलावली. तोवर भट्टी बंद ठेवायचे ठरले.

घाग बाकावर, हवेपासून थोडे अंतर राखून टेकले. 

"म्हणजे खोकला खराच होता ना, बाई?"

"खराच होता, घाग."

"नाही, घरातसुद्धा म्हणायला लागलेले, सोंग करतो म्हणून. शेवटी मलापण तसंच वाटायला लागलं."

दुपारच्या एसटीने घाग आणि हवा दोघेही डोंगरातल्या गावाकडे निघाले. वाहकाने घागांना तिकीट दिले, हवेला मागच्या खिडकीपाशी जागा दिली आणि काच लावून घ्यायला सांगितले, कारण घाटात वारा फार असतो. घागांनी काच लावली, आपल्या जागेवर येऊन बसले, आणि कोणाकडेही न पाहता मोकळेपणाने खोकून घेतले.