परकारांची धर्मयुद्धं

लिफ्टमध्ये नवा माणूस भेटला की दाऊद परकार त्याचं गाव विचारत नसत, कंपनी विचारत नसत, मजलासुद्धा विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवून थेट विचारत, "बायकोला विचारून आलाव?"

समोरचा बहुधा पुण्याचा किंवा नाशिकचा एखादा इंजिनियर असे. नुकताच दोह्यात उतरलेला, एका हातात बादली, दुसऱ्या हातात उशी. तो गांगरून हो म्हणे. मग दुसरा प्रश्न येई. "लगेच जा म्हणाली, की वेळ घेतला?" उत्तर मिळेपर्यंत परकार पायानं लिफ्टचं दार अडवून धरत.

असे दोन-तीन नवे लोक माझ्याकडे तक्रार घेऊन आले होते. दोह्याच्या बिन महमूद भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये माझं आणि परकारांचं दार समोरासमोर, त्यामुळे परकारांची जबाबदारी माझी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी समजावून सांगे की मनावर घेऊ नका, प्रश्न तुमच्याबद्दल नाही, धर्मयुद्धांबद्दल आहे. हे ऐकून माणूस आणखीच घाबरे.

परकार श्रीवर्धनकडचे. एका बांधकाम कंपनीत मालवाहतुकीचं खातं सांभाळायचे. कुठलं यंत्र कुठल्या बंदरात अडकलंय, कुठला ट्रक कुठल्या साइटवर उभा आहे, हेच दिवसभर. नोकरी सोडून जाणाऱ्या एका इंग्रज सहकाऱ्यानं जाताना पुस्तकांचं खोकं त्यांच्या टेबलावर ठेवलं. खोक्यात निघाली युरोपातून जेरुसलेमवर चालून गेलेल्या फौजांची पुस्तकं. परकारांनी ती वाचली, मग आणखी मागवली, आणि पुढे त्या नऊशे वर्षांपूर्वीच्या लढाया म्हणजे आपल्याच कंपनीची बिघडलेली कामं असल्यासारखे ते बोलू लागले.

जेरुसलेमला ते 'साइट' म्हणत. पहिल्या मोहिमेबद्दल त्यांचं मत असं, की साइटवर पोचले, ताबा घेतला, आणि लगेच सगळे डिमोब होऊन, म्हणजे साइटवरून गाशा गुंडाळून, घरी गेले. राखायला माणूसच नाही. "मेंटेनन्सचा विचार आधी कुणी केलाच नाही, भालेरावसाहेब. तिथंच काम फसलं." पुढच्या एका मोहिमेत हेच वीर जेरुसलेमला निघाले आणि एका ख्रिस्ती शहरावरच जाऊन तुटून पडले. ती हकिकत सांगताना परकारांना मनापासून लाज वाटे. "माल चुकीच्या पत्त्यावर," एवढंच म्हणत आणि मान हलवत. एक विषय संपला की "यल्ला, पुढं" म्हणून दुसरा.

हे सगळं चालता चालता. परकार बसलेले मी पाहिले नाहीत म्हटलं तरी चालेल. खिडकी ते दार, दार ते खिडकी. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. पलंगाशेजारी बॅग नेहमी अर्धी भरलेली. पुढच्या सुट्टीला जातो तो परत येतच नाही, असं दरवर्षी सांगत आणि दरवर्षी परत येत. त्यांच्याबरोबर थोडा वेळ काढला की माझंही चित्त थाऱ्यावर राहत नसे. घरी आलो तरी मी उगाच गॅस बंद आहे का बघत फिरायचो.

आमच्या मराठी मंडळातल्या लोकांना एक कुतूहल होतं. परकार मुसलमान, विषय धर्मयुद्धांचा, तेव्हा गडी नेमका कुणाच्या बाजूचा? एका स्नेहसंमेलनात देसाईंनी ते विचारलंच. देसाई द पर्लच्या महागड्या वस्तीत राहत आणि प्रश्न असे विचारत की आजूबाजूच्यांना ऐकू जावं. परकारांनी थोडा विचार करून सांगितलं, "घोड्यांच्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं भांडण कशाचं आहे."

देसाईंचा विश्वास बसला नाही. मला मात्र माहीत होतं की परकारांचं खरं भांडण सुलतानाशी नाही, इंग्लंडच्या राजाशीही नाही. ते एका पोपशी होतं. सुरुवातीला चर्चचा नियम असा होता, की लग्न झालेल्या माणसाला बायकोच्या संमतीवाचून मोहिमेची शपथ घेता येणार नाही. पुढे माणसं कमी पडायला लागली, आणि एका पोपनं सांगून टाकलं की बायकोला विचारायची गरज नाही. या पोपचं नाव परकार तोंडानं घेत नसत. 'तो एचआरवाला' म्हणत. "बाकी काही करा," ते म्हणत, "पण विचारणं कसं बंद करताव?"

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. परकार आता कायमचे गावी गेले. मी दोह्यातच, अल थुमामा भागात मुलाकडे असतो. मंडळाच्या कार्यक्रमाला कधी गेलो तर जुने लोक अजून सांगतात, की परकारांचं भाषण ठरलं होतं, पण आयत्या वेळी घशाचं निमित्त करून त्यांनी कच खाल्ली. नव्यांना ते खरंच वाटतं. ते खोटं आहे, आणि खोटं मीच पसरवलेलं आहे.

झालं असं. त्या वर्षी मी मंडळाचा कार्यवाह होतो आणि भाषणाची कल्पना माझीच. परकारांना विचारलं तेव्हा ते चालायचे थांबले. म्हणाले, या तारखेला नको, पुढच्या महिन्यात ठेवा, बायको येतेय. रुकय्याभाभी एवढ्या वर्षांत एकदाही कतारला आल्या नव्हत्या. आधी सासू आजारी, मग मुली लहान, मग मुलींची लग्नं. आता व्हिजिट व्हिसा झाला होता. परकारांची एकच अट होती, तिला पहिल्या रांगेत बसवा.

मी हसून म्हटलं, अहो, घरात रोज ऐकवालच की.

"घरात मला बोलायला जमत नाही," ते म्हणाले. "तिला एक विचारायचंय. समोर माइक असला, दहा माणसं बसलेली असली, म्हणजे विचारता येईल."

काय विचारायचंय ते त्यांनी सांगितलं नाही. मीही खोदलं नाही.

भाभी आल्या आणि त्याच आठवड्यात देसाईंनी समितीत विषय काढला. परका देश, धर्माचा विषय, आपल्यात सगळ्या धर्मांचे लोक. कुणी काही बोललं तर निस्तरणार कोण? परकारांबद्दल काही म्हणणं नाही, असं त्यांनी तीनदा म्हटलं. मला सांगता आलं असतं की हा माणूस घोडे, जहाजं आणि बायका यांपलीकडे काही बोलणार नाही. मी मान डोलावली. त्या जागी 'मधुमेह आणि आहार' ठरलं. परकारांना मी सांगितलं की हॉल मिळाला नाही. लोकांनी विचारलं तेव्हा सांगितलं की परकारांचा घसा बसलाय.

दोन्ही गोष्टी एकाच लिफ्टनं ये-जा करणाऱ्या लोकांत किती दिवस वेगळ्या राहणार? एका संध्याकाळी परकार माझ्याबरोबर वर येत होते. आरशात बघत त्यांनी मला विचारलं, "माझा घसा आता कसा आहे म्हणताव?"

मी मजल्यांचे आकडे बघत राहिलो. ते आपल्या दाराशी गेले आणि कधी नव्हे ते मागं न बघता आत गेले.

शुक्रवारी सकाळी मी त्यांची बेल वाजवली. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. दार भाभींनी उघडलं. ठेंगण्या, डोक्यावर पदर, हात ओले. आत हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्या कोळंबी सोलत होत्या. परकार टीव्हीसमोर उभे, इस्त्रीचा शर्ट घालून.

"या," ते म्हणाले. "भाषण चालू आहे. आता दोन श्रोते झाले."

माझी माफी तोंडातच राहिली. भाभींनी मला खुर्ची दाखवली आणि पुन्हा कोळंबीकडे वळल्या. परकार बोलू लागले. घोडे जहाजात कसे चढवत, पाणी कसं संपलं, साइट कशी हातची गेली. भाभी मधूनच म्हणत, "बाजूला सरा, उजेड अडतो." ते सरकत आणि बोलत राहत. मग तो नियम आला, बायकोच्या संमतीचा. मग पोप. त्यांनी एचआरवाल्याला नेहमीच्या शिव्या दिल्या.

"मी निघालो तेव्हा हिला विचारलं होतं," ते मला म्हणाले. बघत मात्र खिडकीकडे होते. "ही भाकऱ्या करत होती. वर बघितलंसुद्धा नाही. लगेच म्हणाली, जा." मग म्हणाले, "लोकांच्या बायका रडतात, रुसतात, चार दिवस बोलत नाहीत. मी सगळ्यांना विचारलंय."

मला तेव्हा कळलं की लिफ्टमधली ती उत्तरं हा माणूस एवढी वर्षं कशासाठी गोळा करत होता.

भाभींचा हात थांबला नाही. हातातली कोळंबी सोलून त्यांनी ताटलीत टाकली, दुसरी घेतली.

"नको बोलले असते तर तुमी राहिला असता," त्या म्हणाल्या.

"राहिलो असतो," परकार म्हणाले.

"म्हणून तसं बोलले नाय. वर बघितलं असतं तर तोंडावर दिसलं असतं."

मला उठून जावंसं वाटत होतं, पण उठलो तर मध्येच काही मोडेल असं वाटून बसून राहिलो. मग भाभींनीच विचारलं. त्या आवाजात राग नव्हता. पुस्तकातली अर्धवट राहिलेली गोष्ट विचारावी तसं विचारलं. "ते लोक गेले, लढले, मेले, ते तुमी सांगितलाव. त्यांच्या बायका मागं राहिल्या, त्यांनी काय केलं?"

ज्या माणसाला घोड्यांचा चारासुद्धा ठाऊक होता, तो अडखळला. कुणीकुणी जमीन सांभाळली, म्हणाला. कुणी दुसरं लग्न केलं. कुणी वाट बघितली. "पण त्यांना कसं वाटलं, ते फार कुणी लिहिलं नाही," ते म्हणाले. "कुणी विचारलंच नसेल."

"मग माला विचारा," भाभी म्हणाल्या. "मी हाय ना."

परकारांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडून मदत होण्यासारखी नव्हती. मग तो सबंध जन्म येरझाऱ्या घातलेला माणूस इस्त्रीच्या शर्टासकट जमिनीवर बसला, वर्तमानपत्राच्या कडेला. वाडग्यातली एक कोळंबी उचलली आणि तिचं डोकं कुठून मोडायचं ते न कळून हातातच धरून ठेवली.

"मी गेलो त्या दिवशी," त्यांनी विचारलं, "भाकऱ्या झाल्यावर तू काय केलंस?"

भाभींनी ती कोळंबी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि सांगायला सुरुवात केली. मी उठून बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं.