पोटचौकीचा 'आपला' दरवाजा

श्री. ज्याचे उदरी चौदा भुवने आणि जो कोणाचे उदरी नाही, त्यास नमन करून हकीकत लिहिली ऐसीजे. शके सोळाशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सरी, एका राज्यात घोणसगड नामे थोर किल्ला होता आणि त्याचे हद्दीचे पोटात सात चौक्या होत्या, त्यांस पोटचौक्या म्हणत. गडाने त्या निर्माण केल्या, गडास त्यांची नावे पाठ, गडाने हाक मारावी आणि चौकीने काम करावे. परंतु चौकीस आपण कोणाचे पोटात आहो हे ठाऊक नसावे ऐसा त्या राज्याचा कायदा होता. डोळ्यांस गड दिसे, कागदास दिसत नसे. वरून हुकूम उतरे आणि खालून काही चढत नसे. सर्वांत खालची चौकी सटवोजी नाईकाची. गडाचा मुख्य दरवाजा तीनशे पायऱ्या वर. चौकीस भोवती काटेरी कुंपण, आत नाईक, त्याची बायको ठकूबाई, दोन लेकी आणि बारा शिपाई. त्या साली गनीम मुलखात शिरला आणि दोन पोटचौक्या बुडाल्या. त्यांतील माणसे पायऱ्या चढून गडाच्या दरवाजापावेतो आली आणि दरवाजावर हात आपटीत मेली, कारण दरवाजा उघडणे हे गडाचे काम, आणि ते काम सांगण्याचा अधिकार पोटातल्यास नव्हता.

मग सटवोजी नाईक गडावर गेला आणि किल्लेदार रुमाजीराव यांचे पुढे उभा राहिला आणि अर्ज केला की, तोफ नको, दारू नको, मनुष्यबळ नको, वेळ येईल तेव्हा गडाचा दरवाजा उघडविण्याइतकी वाट खालून वर द्यावी. सबनीस भानजीपंत जवळ बसले होते. त्यांनी कलम खाली ठेविली.

"नाईक, आज दरवाजा मागता. उद्या तोफ मागाल, परवा माझी दौत मागाल."

"दौत पंतांस लखलाभ," सटवोजी बोलिला. "मला दरवाजा द्यावा."

पंतांचे म्हणणे अगदीच वाऱ्यावरचे नव्हते. सात चौक्यांनी सात वेळा दरवाजा उघडविला तर गड तो गड कसला, धर्मशाळा होईल, ऐसे त्यांनी सांगितले, आणि रुमाजीराव यांनी दोहींचे ऐकून निवाडा केला की, या चौकीस एकच काम द्यावे, दुसरे नाही. गनीम डोळ्यांनी दिसल्याखेरीज पुकार करू नये. पुकार ऐसा करावा: नाईकाने कागद मोठ्याने वाचावा. ज्या भिंतीचे वा कुंपणाचे आत हुकूम वाचला तेथल्या माणसांनी आधी ऐकावा. तेथे ते काम करणारा असेल तर त्याने करावे आणि हुकूम तेथेच पुरा झाला. नसेल तर पुकारेकऱ्याने कर्णा फुंकून हुकूम वर द्यावा आणि गडाने करावा. हा नियम सर्व राज्याचा, नवा नव्हे. मग पंतांनी कागद लिहिला. एकच ओळ.

आपला दरवाजा उघडावा, उशीर न करावा.

सटवोजीने तो वाचून पाहिला आणि जागचा हलेना. "यात 'आपला' लिहिले आहे. आपला म्हणजे कोणाचा, तेवढे फोडून लिहावे. गडाचे नाव घालावे."

"गडाचे नाव खालच्या कागदावर लिहीत नसतात," पंत बोलिले. "आपला म्हणजे आपला. का नाईक, गड तुम्हांस परका वाटतो?"

सदर हसली. रुमाजीराव हसले. सटवोजी खाली मान घालून कागद घेऊन निघाला, आणि पायऱ्या उतरताना त्याला वाटले की मिळाले ते थोडके नाही, एका शब्दासाठी कोण भांडतो.

मग कागदाची परीक्षा जाहली. सटवोजीने चौकीत उभे राहून वाचले. चौकीत दरवाजा नव्हता, कुंपणास नुसती खिंड होती, म्हणौन कोणी हलले नाही आणि पुकारेकरी महिमाजी याने कर्णा फुंकला आणि तीनशे पायऱ्या वर घोणसगडाचा दरवाजा करकरत उघडला. चौकीतली माणसे रडली. ठकूबाईने लेकींस कडेवर घेऊन दाखविले. पंतांनीही वरून पाहिले आणि कागद बिनचूक आहे ऐसा शेरा मारिला.

पुढे मार्गशीर्षात गनीम दोन मजलांवर आला आणि खालच्या वाडीची चाळीस माणसे गुरे सोडून चौकीत आली. ठकूबाईने कुंपण पाहिले आणि नवऱ्यास सांगितले, "याने शेळ्या अडतील. घोडे नाही अडायचे." हे खरे होते. मग सटवोजीने वाडीतल्या घरांची लाकडी तुळवटे काढून आणविली आणि दगडगोट्यांची भिंत रचविली आणि खिंडीत सागाच्या फळ्यांचा, लोखंडी पट्ट्यांचा दरवाजा उभा केला. पाच दिवस आणि पाच रात्री त्याने स्वतः हातोडा हाणला. अडसरावर लुखोजी नामे शिपाई नेमला, आणि दरवाजा उघडणे व लावणे हे काम त्याचे नावे चौकीच्या यादीत लिहिले, कारण यादीत नसलेले काम त्या राज्यात काम नव्हे. लुखोजी माणूस इमानी. गेल्या वर्षी दुसऱ्या चौकीवर एका दरवानाने हुकूम ऐकून "का?" म्हणौन विचारिले होते आणि त्याचा कडेलोट जाहला होता. तेव्हापासून का म्हणौन कोणी विचारीत नसे.

पौष शुद्ध तृतीयेस, दोन प्रहरी, गनीम डोळ्यांनी दिसला. तीनशे घोडा. सटवोजीने वाडीची माणसे मागल्या अंगाने पायऱ्यांवर चढविली, पुढे ठकूबाई आणि लेकी, आणि चढा, तुम्ही पोचाल तोवर गडाचा दरवाजा उघडा असेल, ऐसे सांगितले. मग तो चौकीचे मध्ये उभा राहिला आणि कागद सोडिला आणि मोठ्याने वाचले, आपला दरवाजा उघडावा, उशीर न करावा, आणि महिमाजीने कर्णा ओठांस लावला आणि यादीप्रमाणे चौकीत पाहिले आणि लुखोजी अडसरास हात घालीत होता आणि महिमाजीने कर्णा खाली घेतला आणि लुखोजीने अडसर काढिला आणि

दरवाजा उघडला.

चौकीचा.

सटवोजी ओरडला की हा नव्हे, गडाचा, गडाचा दरवाजा, कर्णा फुंक. महिमाजी पांढरा पडला आणि बोलिला, "नाईक, हुकूम पुरा झाला. गडाचा ऐसे कागदात नाही." सटवोजीने कर्णा त्याच्या हातून ओढला आणि तोवर घोडे आत होते. लुखोजी अडसर हातात घेऊन दरवाजातच पडला. घोडे चौकीत थांबले नाहीत, पायऱ्यांवर चढले. वरल्या पायरीवर ठकूबाई गडाच्या दरवाजावर दोन्ही हात आपटीत होती. आतून दरवानांनी ऐकिले. त्यांनी किल्लेदारांस पुसले. किल्लेदारांनी पंतांस पुसले. पंत बोलिले, पुकार आलेला नाही.

(येथे मूळ प्रतीत अर्धे पान कोरे सोडिले आहे.)

गनीम संध्याकाळी माघारी गेला. सटवोजी मुडद्यांखाली जिवंत सापडला, एक हात गेलेला. महिमाजी जिवंत होता. आणखी कोणी नव्हते.

मग सदरेवर चौकशी जाहली आणि फार नेकीने जाहली. लुखोजीने हुकूम ऐकिला आणि केला, दोष नाही. महिमाजीने काम खाली झाले ते पाहिले आणि वर दिले नाही, दोष नाही. गडाने पुकाराखेरीज उघडले नाही, दोष नाही. पंतांनी जुना कागद मागविला, त्यावरील आपला शेरा दाखविला, आणि त्या दिवशी तो बिनचूकच होता. रुमाजीराव यांनी सटवोजीस विचारिले की तुमचे काही म्हणणे आहे काय. सटवोजी पुढे झाला. मग बोलिला, "मी दरवाजा बांधला. त्याला दुसरे काही नाव ठेवायला हवे होते."

यावर पंतांनी मान हलविली आणि नवा कागद केला. 'आपला' खोडून तेथे पहिल्याने गडाचे नाव घातले: घोणसगडाचा दरवाजा उघडावा. चौकी पुन्हा उभी केली, बारा नवे शिपाई, नवा नाईक. सटवोजीस एका हाताने होईल ऐसे काम म्हणौन गडाच्या दरवाजावर ठेविले. माघ मासी कागदाची परीक्षा नेमली. नव्या नाईकाने खाली वाचले. चौकीचा दरवाजा हलला नाही. कर्णा वाजला. सटवोजीने खांदा लावून अडसर सरकविला, आणि दरवाजा दोन्ही फळ्यांनी पुरा उघडला, आणि सदरेने वाहवा केली, आणि पंतांनी लावून घ्या म्हणौन सांगितले. त्याने लावला नाही. तीनशे पायऱ्या खालपर्यंत मोकळ्या होत्या. तो एका अंगास सरून, लेकी कडेवर घेऊन कोणी चढत यावे तैसी वाट देऊन, उभा राहिला.

येणेप्रमाणे घोणसगडाच्या पोटातून वर हाक जाण्याची वाट जाहली. त्या राज्यात हाच कागद पुढे सर्व चौक्यांस दिला आणि तो अद्याप चालतो. हकीकत संपूर्ण.